अंगावर बाळगण्यासाठी छोटे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल कसे निवडावे : सोलापूरच्या परवानाधारकांसाठी

शस्त्रपरवाना मंजूर झाल्याची बातमी कळली की बहुतेक जण त्याच रात्री मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहू लागतात. त्यांत ग्लॉक ४३ बरे की सिग पी ३६५ बरे, यावर तासतासभर खल चाललेला असतो. सोलापुरात बसून त्या खलाचा उपयोग जवळजवळ काहीच होत नाही, कारण ही दोन्ही पिस्तुले ९ मिलिमीटरची आहेत आणि ९ मिलिमीटर हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे निषिद्ध माप, असल्याने सामान्य परवान्यावर तो घेता येत नाही. आपल्यासमोर व्यवहारात उरतात ती .३२ बोअरची रिव्हॉल्वरे, .३२ बोअरची पिस्तुले आणि क्वचित एखादे .२२ चे हत्यार. परदेशी पिस्तुले आपल्याकडे दिसतात ती बहुधा आयात बंद होण्यापूर्वी आलेली जुनी असतात आणि त्यांच्या किमतीत नवलाईचाच भाग मोठा असतो. निवडीचे मैदान असे लहान असल्यामुळे स्वतःला एकच प्रश्न विचारावा : यांपैकी कोणते हत्यार मी मे महिन्यात पातळ सुती शर्टाखाली दिवसभर बाळगेन, आणि वेळ आलीच तर घामट हातानेही नीट चालवू शकेन?

हा प्रश्न साधा वाटला तरी त्याकडे दुर्लक्ष केल्याने लाखभर रुपयांचे हत्यार कपाटात पडून राहते. माझ्या ओळखीच्या, मार्केट यार्डातील एका कांद्याच्या अडत्याने वजनदार रिव्हॉल्वर घेतले, ते हातात भारदस्त वाटले म्हणून. होळीनंतर त्यांनी ते कमरेला लावणे सोडले आणि मृगाच्या पावसानंतरच पुन्हा बाहेर काढले. रोख रकमेची ने-आण मात्र त्या तीन महिन्यांतही चालूच होती.

आधी परवाना वाचावा, मग दुकानात जावे

सोलापूर शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात आणि बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट यांसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, देतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, अर्ज ए-१ या नमुन्यात करावा लागतो, आणि शस्त्र नियम २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे एस-१ हे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. ज्याच्याकडे वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आधीच आहे, त्याच्यासाठी छोट्या हत्याराची जागा एकच उरते, म्हणून ती जागा घाईने भरू नये.

परवान्यावरच्या तीन नोंदी निवडीला थेट बांधून ठेवतात. पहिली नोंद हत्याराच्या प्रकाराची आणि बोअरची. दुसरी काडतुसांच्या संख्येची. एका वेळी किती आणि वर्षाला किती बाळगता येतील याविषयी लोक काहीही सांगोत, आपल्या परवान्यावर लिहिलेला आकडाच अंतिम मानावा. तिसरी नोंद क्षेत्राची, आणि सोलापूरकराने हीच सर्वांत बारकाईने पाहावी. विजयपूर आणि कलबुर्गी ही व्यापाराची गावे आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत. विजयपूरच्या रस्त्याने भीमेवरचा पूल ओलांडला की राज्य बदलते, आणि अक्कलकोट तालुक्याच्या कडेची गावे तर सीमेला लागूनच आहेत. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमेपलीकडे ते हत्यार बेकायदा ठरते, मग तगाद्याला जाण्याचे कारण कितीही खरे असो. ज्यांचे जाणे-येणे नेहमीचे आहे त्यांनी क्षेत्र वाढवून मिळण्याचा अर्ज आधी करावा.

हत्यार झाकून बाळगणे हा आपल्याकडे हौसेचा भाग मानण्याचे कारण नाही, कारण तो नियमच आहे. शस्त्र नियमांतील ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी छोटे हत्यार न्यायचे तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. शर्टाच्या वर पट्टा बांधून रिव्हॉल्वरची मूठ मिरवणारे पुढारी आपण पाहिलेले असतात. त्यांचे अनुकरण परवाना गमावण्याच्या वाटेवर नेते. स्कूटरच्या डिक्कीत टाकलेले हत्यारही ‘प्रत्यक्ष ताबा’ या शब्दांत बसत नाही.

रिव्हॉल्वर की पिस्तूल

येथे प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. .३२ चे रिव्हॉल्वर आणि .३२ चे पिस्तूल यांची काडतुसे वेगवेगळी असतात. रिव्हॉल्वरमध्ये .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ मधले काडतूस चालते. त्याची गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमहून थोडी जास्त असते. पिस्तुलात .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, हे १८९९ मध्ये ब्राउनिंगच्या पिस्तुलाबरोबर आलेले काडतूस चालते. त्याची गोळी ७१ ग्रेनची, हलकी पण अधिक वेगवान असते. दोन्हींची ताकद ढोबळमानाने सारखीच असल्याने केवळ ताकदीच्या मुद्द्यावर कोणी एकाची बाजू घेऊ लागला तर ऐकून सोडून द्यावे. महत्त्वाचे हे की एकाचे काडतूस दुसऱ्यात घालू नये, ते आत सरकते आहे असे दिसले तरीही. काडतुसे विकत घेताना केवळ ‘बत्तीसची द्या’ असे म्हणू नये.

ही दोन्ही काडतुसे आजच्या मापाने सौम्य आहेत. त्यामुळे धक्का कमी बसतो, आणि हलके हत्यारही नवशिक्याच्या हाताला झेपते. उलट बाजूने पाहिले तर अशा काडतुसाचा भरवसा पूर्णपणे नेमावर असतो. ज्या हत्याराने आपला नेम बसतो ते हत्यार, मग ते कारखान्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असले तरी, आपल्यासाठी पहिले.

रिव्हॉल्वरचा मोठा गुण म्हणजे त्याचा साधेपणा. काडतूस फुटले नाही तर चाप पुन्हा दाबायचा, पुढचे काडतूस आपोआप समोर येते. भरलेले आहे की रिकामे, हे काडतुसांची घरे असलेले फिरते सिलिंडर उघडताच डोळ्यांना दिसते, आणि घरात वर्षभर न वापरता राहिले तरी त्यातली कोणतीही स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत अडकून पडलेली नसते. त्याचा दोष म्हणजे सिलिंडरचा फुगवटा, जो पातळ शर्टाखाली दिसतो, आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा खटका, न चढवता थेट चाप दाबताना लागणारा जोर. सहा गोळ्या संपल्यावर पुन्हा भरणेही सावकाशीचे काम आहे, परंतु सामान्य नागरिकावर ती वेळ येईल असे धरून निवड करणे मला अनाठायी वाटते.

पिस्तूल चपटे असते, अंगाला चिकटून बसते आणि शर्टाखाली लपवणे सोपे जाते. मात्र ते शिस्त मागते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढली तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक काडतूस राहिलेले असू शकते, आणि ‘रिकामे आहे’ असे समजून झालेले अपघात बहुधा याच एका काडतुसाने झालेले असतात. .३२ एसीपीच्या काडतुसाला मागे किंचित कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर ऐनवेळी पिस्तूल अडते, म्हणून प्रत्येक काडतूस पुढे-मागे नीट बसवून भरण्याची सवय लावावी लागते. ज्याला दर आठवड्याला अर्धा तास हत्यारासाठी देता येणार नाही, त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या अवतीभवतीच्या बहुतेक व्यापाऱ्यांना मी रिव्हॉल्वरच सुचवीन.

बाजारात काय मिळते

ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरची अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ही कंपनी आता नागरी हत्यारे बनवते. तिच्या घरातले ‘निर्भीक’ हे २०१४ मध्ये आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. ते बाजारात आले तेव्हाच त्याची किंमत एक लाख वीस हजारांच्या वर होती. ते जुन्या वेब्ली पद्धतीने बिजागरीवर मधून मोडून भरायचे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचे, ७६ मिलिमीटर नळीचे आणि एकूण १७८ मिलिमीटर लांबीचे असून त्याचे सिलिंडर बाजूला उघडते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्वरची चौकट अखंड असल्याने बिजागरी सैल होण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. उत्तर प्रदेशातील संडीला येथे वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने तयार होणारे .३२ चे रिव्हॉल्वरही मिळते. पिस्तुलांत पश्चिम बंगालमधील सरकारी कारखान्यांचे ‘अशनी’ हे परिचित नाव आहे. ‘निडर’ हे .२२ चे आठ गोळ्यांचे रिव्हॉल्वर अवघ्या अडीचशे ग्रॅमचे आहे आणि खिशात आहे याचा विसर पडावा इतके हलके आहे, परंतु .२२ चे, बुडाच्या कडेवर आघात होऊन फुटणारे, काडतूस न फुटण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून ज्यांच्या मनगटात .३२ पेलण्याइतके बळ नाही त्यांनीच त्याचा विचार करावा.

वजनाचा हिशेब करताना भरलेल्या हत्याराचे वजन धरावे. सहा काडतुसांचे साठेक ग्रॅम आणि चामड्याच्या होल्स्टरचे वजन मिळवले की सातशे ग्रॅमचे रिव्हॉल्वर पाऊण किलोच्या पुढे जाते, आणि संध्याकाळपर्यंत ते कमरेला दुप्पट वाटू लागते.

कपडे, बैठक आणि उन्हाळा

सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर राहतो, त्यामुळे जाड जाकीट घालून हत्यार लपवण्याचा परदेशी सल्ला येथे हास्यास्पद ठरतो. आपला नित्याचा पोशाख म्हणजे बाहेर सोडलेला सुती शर्ट, नेहरू शर्ट, फार तर सफारी. अशा कपड्यांतून हत्याराचा जो भाग उठून दिसतो तो बहुधा मूठ असते. नळी विजारीच्या आत खाली उतरलेली असते, तिची लांबी पाऊण इंचाने वाढली तरी कोणाला कळत नाही. मूठ मात्र पट्ट्याच्या वर राहते आणि वाकताना शर्टाला टेकू लावते. म्हणून निवडताना नळीपेक्षा मूठ आखूड पाहावी, पण इतकी आखूड नको की करंगळीच नव्हे तर तिच्या शेजारचे बोटही हवेत लोंबावे. तीन बोटांची घट्ट पकड ही खालची मर्यादा समजावी. सफेद शर्टापेक्षा बारीक चौकडीचा किंवा गडद शर्ट आकार अधिक चांगला लपवतो.

हत्यार कमरेला नेमके कोठे लावावे, याविषयी परदेशी मार्गदर्शक पोटापुढची जागा सुचवतात. नवी पेठेतल्या दुकानात दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्याला ती जागा अजिबात सोयीची नाही; नळी मांडीत रुतते आणि तिचे तोंड नको त्या दिशेला राहते. पाठीच्या मध्यावर लावलेले हत्यार मोटारसायकलवर वाऱ्याने शर्ट उडताच उघडे पडते, आणि घसरून पडल्यास मणक्याला इजा होते. उजव्या हाताच्या माणसासाठी उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागची जागा या दोन्ही अडचणींतून बरीचशी सुटते. साडी नेसणाऱ्या स्त्रीला पट्ट्याचा आधार नसतो. तिच्यासाठी छातीवरून तिरकी घेतलेली, हत्यारासाठी स्वतंत्र कप्पा असलेली पिशवी हा मार्ग उरतो. त्या कप्प्यात किल्ल्या, सुटे पैसे, काहीही ठेवू नये. पिशवी हिसकावली गेली तर हत्यारही गेले, हा धोका मात्र तेथे कायम आहे.

होल्स्टरने चापाचा भाग पूर्ण झाकलेला असावा आणि पळताना, वाकताना हत्यार निसटू नये इतकी त्याची पकड असावी. मऊ कापडी पाकीट स्वस्त मिळते, परंतु ते चुरगळून चापाच्या कोंदणात शिरू शकते. पट्टा जाड आणि ताठ हवा. साध्या ऑफिसच्या पट्ट्यावर कोणतेही होल्स्टर लोंबकळतेच.

घाम हा येथला खरा शत्रू आहे. अंगाला चिकटलेल्या पोलादी हत्यारावर एका दिवसात तांबूस ठिपके येऊ शकतात. उन्हाळ्यात रोज रात्री हत्यार होल्स्टरमधून काढून, रिकामे करून, तेलाच्या हलक्या फडक्याने पुसावे, आणि होल्स्टर वेगळे वाळवावे, कारण चामडे ओल धरून ठेवते. सोलापुरात टॉवेलांना तोटा नसल्यामुळे हत्यार टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवण्याची पद्धत घरोघरी दिसते. आपल्याच गावच्या मालाविषयी असे लिहिताना संकोच वाटतो, पण टेरी टॉवेल ओलावा शोषतो आणि त्याचे तंतू यंत्रणेत अडकतात, म्हणून तो या कामासाठी वापरू नये. मोलिब्डेनमचे किंवा इतर कोणते महागडे तेल हवेच असे नाही, बंदुकीचे साधे तेल पुरे.

दुकानात तपासणी

विक्रेत्याने हत्यार हाती दिले की ते रिकामे आहे याची खात्री त्याने केलेली असली तरी आपण पुन्हा करावी, आणि नळी सुरक्षित दिशेला धरावी. रिव्हॉल्वर असेल तर डमी काडतुसे घालण्याची परवानगी मागून सहाही घरांत घोडा चढवून पाहावा. प्रत्येक घरावर सिलिंडर खट्‌कन जागेवर बसले पाहिजे. चाप दाबून धरलेल्या स्थितीत सिलिंडर बोटाने हलवल्यास त्यात जाणवण्याजोगा खेळ नसावा. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्वरची वरची कडी आणि बिजागरी हलवून पाहावी. त्यानंतर हात पुढे ताणून, घोडा न चढवता, सलग सहा वेळा चाप दाबावा आणि नळीच्या टोकावरच्या माशीकडे पाहावे. चौथ्या-पाचव्या वेळी माशी थरथरू लागली तर ते हत्यार आपल्या बोटासाठी नाही. नवीन रिव्हॉल्वरचा चाप वापराने थोडा मोकळा होतो हे खरे, पण विक्रेता जितका म्हणतो तितका होत नाही.

घोड्यावर बाहेरून आघात झाला तरी चाप दाबल्याशिवाय काडतूस फुटू नये यासाठी आत अडसर आहे का, हे स्पष्ट विचारावे. जुन्या हत्यारांत तो नसेल तर घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवून, म्हणजे पाचच काडतुसे भरून, बाळगावे. जुन्या बनावटीचे पिस्तूल चेंबर रिकामे ठेवूनच बाळगावे. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओल्या हाताने ओढून पाहावी; हा प्रयोग दुकानदाराला आवडत नाही, तरी करावा.

जुने हत्यार घेताना त्यावर कोरलेला क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. खासगी विक्री करणाऱ्याने लेखी सूचना देऊन किमान ४५ दिवस थांबावे लागते. ‘आजच घेऊन जा, कागद नंतर करू’ असे म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

काडतुसे आणि सराव

आपल्याकडे मिळणारी .३२ ची काडतुसे बहुतेक पुण्याच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची असतात. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात. अंगावर महिनोन्‌महिने घामात राहिलेली काडतुसे सरावात संपवावीत आणि बाळगण्यासाठी ताजी घ्यावीत. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा, शेतातल्या बांधावर नव्हे. चाप दाबूनही काडतूस फुटले नाही तर हत्यार तीस सेकंद लक्ष्याच्याच दिशेला धरून ठेवावे, कारण कधी कधी ते उशिरा फुटते. घरी हत्यार रिकामे, कुलपात, आणि काडतुसे त्यापासून वेगळ्या कुलपात ठेवावीत. मुलांना जागा माहीत नसावी.

सिद्धेश्वराच्या यात्रेत, पंढरपूरच्या वारीत किंवा अशाच दाटीत हत्यार नेऊ नये. तेथे प्रत्येक धक्क्याला कोणाचा तरी हात आपल्या कमरेला लागतो आणि ताबा ठेवणे अशक्य होते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मद्य घेण्याचा बेत असेल त्या संध्याकाळी हत्यार कुलपातच राहावे. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला तर पावती घेऊन जमा करावे. आत्मसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. ती कलमे हत्यार घेण्यापूर्वी एखाद्या वकिलाबरोबर बसून समजून घ्यावीत, कारण पळून जाणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी त्या हक्कात बसेलच असे नाही.

हत्यार घरी आल्यावर आणि परवान्यावर त्याची नोंद झाल्यावर पहिले दोन आठवडे ते रिकामेच, घरातल्या घरात, होल्स्टरसह अंगावर बाळगावे. त्यातच गादीवर बसावे, जेवावे, वाकून बूट बांधावेत, उभ्या गाडीवर बसून पाहावे, आणि घरच्यांना शर्टावरून काही दिसते का ते विचारावे. पट्टा काढून ठेवावासा वाटू लागला तर प्रथम होल्स्टर बदलावे, मग जागा दोन बोटे पुढे-मागे करावी. एवढे करूनही दुपारपर्यंत कंबर तक्रार करू लागली, तर ते हत्यार विकण्याची लेखी सूचना त्याच महिन्यात द्यावी आणि दोनशे ग्रॅमने हलके हत्यार पाहावे.